क्वांटम डॉट: चमकवणं जमलं, पण शरीराबाहेर काढायचे कसे?

रुपेरी_वाळू
रविवार, सकाळी ११:२०

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. २०२३ साली रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉटच्या, म्हणजे अर्धवाहकाच्या (सेमीकंडक्टरच्या) अतिसूक्ष्म चमकत्या स्फटिकांच्या, कामाला मिळालं तेव्हा बातम्यांत टीव्हीच्या पडद्यांबद्दल भरभरून आलं, आणि शेवटी एक ओळ असायची: ‘कॅन्सर शोधायलाही उपयोग होतो.’ त्या एका ओळीमागे पंचवीस वर्षांची मेहनत आहे आणि अजून न सुटलेला एक पेच आहे. मी पीएचडीची पाच वर्षं याच कणांबरोबर काढली, म्हणून जमेल तसं लिहिते.

कॅडमियम सेलेनाइड हा एक अर्धवाहक. त्याचा स्फटिक दोन ते सहा नॅनोमीटर इतका लहान केला की तो आपला रंग बदलायला लागतो. सहाच्या आसपास लाल चमकतो, तीनच्या आसपास हिरवा, दोनला निळा. कुणी पेटी उघडून आत पाहिलंय का? आत पितळी पट्ट्या असतात. पितळ तेच, पण आखूड पट्टीचा सूर वर आणि लांब पट्टीचा खाली. इथेही पदार्थ तोच, फक्त माप बदलतं. उजेड पडला की स्फटिकात एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो, त्याची रिकामी जागा मागे राहते आणि या दोघांची जोडी जमते. कॅडमियम सेलेनाइडमध्ये या जोडीला ऐसपैस राहायला पाच-सहा नॅनोमीटर लागतात. त्याहून लहान घरात कोंडलं की तिची ऊर्जा चढते आणि बाहेर येणारा प्रकाश निळ्याकडे सरकतो.

हे सर्वात आधी लेनिनग्राडमध्ये अलेक्सेई एकिमोव यांनी १९८१ मध्ये काचेत अडकलेल्या कॉपर क्लोराइडच्या कणांत दाखवलं. १९८३ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्सच्या लुइस ब्रूस यांना ते द्रावणात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडमध्ये दिसलं. पण हव्या त्या मापाचे, एकसारखे कण पाडायची युक्ती १९९३ ची, एमआयटीतल्या मौंगी बावेंडी यांच्या गटाची.

ती युक्ती एकदा स्वतःच्या हाताने केली की विसरत नाही. तीन तोंडांचा फ्लास्क घ्यायचा. त्यात कॅडमियम ऑक्साइडची विटकरी पूड, ओलिइक आम्ल आणि ऑक्टाडेसीन नावाचं तेलासारखं द्रव. वरून आर्गॉन, खालून आच. बराच वेळ नुसतं गढूळ लालसर दिसतं, आणि मग बघता बघता सगळं पाण्यासारखं नितळ होतं. कॅडमियम ओलिइक आम्लाशी बांधलं गेलं, ही त्याची खूण. काटा २२५ अंशांवर स्थिरावला की ट्रायऑक्टिलफॉस्फिनमध्ये विरघळवलेलं सेलेनियम सिरिंजने एका दमात आत सोडायचं. थेंब थेंब घातलं तर काम बिघडलं. एकदम घातल्यामुळे सगळी बीजं एकाच वेळी पडतात, लगेच द्रव थोडं गार होतं आणि नवी बीजं पडायची थांबतात. पुढे असतील तीच वाढतात, म्हणून सगळे कण एका वयाचे आणि एका मापाचे. दर दहा-पंधरा सेकंदांनी थोडं थोडं काढून गार बाटल्यांत घ्यायचं. पहिली बाटली फिकट पिवळी, शेवटची तीन मिनिटांनी लाल. दिवे मालवून अतिनील दिवा धरला की हिरव्यापासून लालपर्यंत रांग उभी राहते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ फ्युम हूडसमोरून (विषारी वाफा ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट) हललेच नव्हते.

पण ही बाटली तेलातली, आणि शरीर पाण्याचं. आधी कणावर झिंक सल्फाइडचं कवच चढवायचं, म्हणजे चमकही वाढते आणि कॅडमियम आत राहतं. मग तेलकट आवरण काढून पाण्यात विरघळणारं लावायचं. माझे पहिले तीन महिने या एका पायरीवर गेले. संध्याकाळी केशरी चमकणारी बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी तळाशी तपकिरी गाळ, दिव्याखाली काहीच नाही. आवरणाचे रेणू रात्रीतून सुटून जायचे आणि कण एकमेकांना चिकटायचे.

१९९८ च्या सप्टेंबरमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एकाच अंकात बर्कलीच्या पॉल अलिविसाटोस यांच्या आणि इंडियाना विद्यापीठाच्या शुमिंग नी यांच्या गटांचे लेख आले. दोघांनीही हे कण पाण्यात आणून पेशींना खुणा करून दाखवल्या. तिथून वैद्यकाची वाट सुरू झाली. ती कुठे अडली ते प्रतिसादांत लिहीन, आधी तुमचे प्रश्न येऊ द्या.

फळा_खडू
रविवार, दुपारी १:०५

ताई, पेटीची उपमा फार आवडली, उद्याच वर्गात वापरणार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. एक विचारायचं होतं. यातलं काही मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल का? आमच्याकडे फ्युम हूड नाही, आर्गॉन नाही. नोटा तपासायचा टॉर्च मात्र आहे.

रुपेरी_वाळू
रविवार, दुपारी ३:४०

सर, कॅडमियम शाळेत अजिबात नको. पण कार्बनचे चमकणारे कण लिंबाच्या रसातूनसुद्धा निघतात. स्टीलच्या वाटीत गाळलेला लिंबाचा रस आणि चमचाभर साखर घ्या आणि मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत आटवा. करपू देऊ नका, खिडकी उघडी ठेवा आणि हे काम तुम्हीच करा. गार झालं की पाणी घालून गाळा आणि अंधारात टॉर्च धरा. टॉर्च कुणाच्याही डोळ्यांवर पडू देऊ नका. हे कण का चमकतात यावर अजून वाद चालू आहेत, आणि मुलांना ते सांगितलं तर आवडेल.

शस्त्रवैद्य
रविवार, रात्री १०:५०

धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करतो. पूर्वी काखेतल्या सगळ्या लसिकाग्रंथी सरसकट काढायचे. आजार आटोक्यात यायचा, पण पुढे कितीतरी बायकांचा हात सुजायचा. भांडी घासणं, कळशी उचलणं, ब्लाउज घालणं, सगळंच जड व्हायचं. आता गाठीकडून निघालेल्या वाटेवरची पहिली ग्रंथी शोधतो, तिला सेंटिनल नोड म्हणतात. ती स्वच्छ निघाली की बाकीच्या राहू देतो.

ती शोधायला मिथिलीन ब्लू टोचतो. स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा काम होतं. पण निळा रंग कातडीवरून दिसत नाही. छेद घेऊन, चरबी बाजूला करत करत ती निळी रेघ हुडकावी लागते. ज्यांच्याकडे सोय आहे ते सोबत टेक्नेशियमचं किरणोत्सारी कोलॉइड आणि त्याची किरणं टिपणारा गॅमा प्रोब वापरतात. इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य कॅमेऱ्याखाली छान चमकतं, पण त्याचा रेणू लहान. तो पहिल्या ग्रंथीत थांबत नाही, पुढच्याही उजळतात.

डुकरांवरचा क्वांटम डॉटचा प्रयोग मी वाचला होता. मला एक सांगा, ज्या ग्रंथीत कण अडकतात ती आम्ही काढूनच टाकतो. मग विषारीपणाची इतकी धास्ती कशासाठी?

रुपेरी_वाळू
सोमवार, सकाळी ७:३०

डॉक्टर, ज्याची वाट पाहत होते तोच प्रश्न तुम्ही विचारलात.

तो प्रयोग २००४ चा, बॉस्टनमध्ये जॉन फ्रान्जिओनी आणि बावेंडी यांच्या गटांनी केलेला. कण मुद्दाम १५ ते २० नॅनोमीटरचे ठेवले होते, म्हणजे लसिकावाहिनीतून वाहतील पण पहिल्या ग्रंथीत अडकतील. चमकही ८५० नॅनोमीटरच्या आसपासची, कारण त्या पट्ट्यात रक्त आणि पाणी दोघंही प्रकाश फारसा गिळत नाहीत. कातडीखाली सेंटिमीटरभर खोल असलेली ग्रंथी छेद घेण्याआधीच पडद्यावर दिसली. तुम्ही म्हणता ती हुडकाहुडक वाचली.

पण टोचलेले सगळेच कण ग्रंथीपर्यंत पोचत नाहीत ना? मोठा भाग टोचल्या जागीच राहतो.

शस्त्रवैद्य
सोमवार, रात्री ९:१५

बरोबर. ट्यूमरभोवती टोचलं तर ती जागा गाठीबरोबर निघून येते. स्तनाग्राभोवती टोचलं आणि स्तन राखला तर ती तशीच राहते. निळा रंग काही दिवसांत फिका होत जातो. कॅडमियमचं काय होईल?

रुपेरी_वाळू
सोमवार, रात्री ११:३०

कॅडमियम शरीरात, विशेषतः मूत्रपिंडात, दहा ते तीस वर्षं निम्मंसुद्धा कमी होत नाही. पेच इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२००४ मध्येच संगीता भाटिया यांच्या गटाने यकृताच्या पेशींवर दाखवलं की उघडा कॅडमियम सेलेनाइड हवेत किंवा अतिनील प्रकाशात राहिला की त्यातून सुटं कॅडमियम निघतं आणि पेशी मरतात. झिंक सल्फाइडच्या कवचाने ते बरंच कमी होतं, पण कायमचं थांबत नाही. म्हणजे कण फुटायच्या आत शरीराबाहेर गेला पाहिजे. वाट कुठली? लघवीची.

मूत्रपिंडाची चाळणी किती बारीक, ते २००७ मध्ये याच बॉस्टनच्या मंडळींनी मोजलं. उत्तर आलं ५.५ नॅनोमीटर. त्याहून लहान कण उंदरांच्या लघवीतून झटपट बाहेर पडले, मोठे यकृतात आणि इतरत्र अडकले. आणि हे माप आवरणासकट बरं का. आवरणावर नुसता ऋण किंवा नुसता धन भार असला की रक्तातली प्रथिनं येऊन चिकटतात आणि पाचाचा कण रक्तात पंधराच्या वर जातो. सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचं आवरण दिलं तेव्हा प्रथिनं चिकटली नाहीत, कारण त्यावर दोन्ही भार असतात. इतका साधा रेणू, आणि त्याने काम केलं.

आता पेटीकडे परत या. आवरण आणि कवच धरून ५.५ च्या आत बसायचं तर आतला गाभा तीन नॅनोमीटरच्या आसपासच राहणार. म्हणजे चमक हिरवी. हिरवा प्रकाश रक्त गिळून टाकतं, काही मिलिमीटरच्या पलीकडे दिसत नाही. खोलवरचं बघायला जी तांबडी, तांबड्यापलीकडली चमक लागते तिच्यासाठी कण मोठा हवा, आणि मोठा कण शरीरातून बाहेर पडत नाही. इंडियम आर्सेनाइड लहान राहूनही तांबड्यापलीकडे चमकतो, पण सोमल ज्या मूलद्रव्याचा, तेच आर्सेनिक त्यात आहे.

माझ्या मते या क्षेत्राने सुरुवातीची कितीतरी वर्षं चमक वाढवण्यात घालवली. कण शरीराबाहेर कसा जाईल हा प्रश्न पहिल्या दिवसापासून फळ्यावर लिहून ठेवायला हवा होता. मीसुद्धा तेव्हा चमकच मोजत होते.

काचपट्टी
मंगळवार, सकाळी ९:१०

पॅथॉलॉजीतून लिहिते. शरीरात टोचायचं राहू द्या, शरीरातून काढलेल्या तुकड्यावर तरी हे कण खूप कामाचे आहेत. नेहमीची चमकणारी रंगद्रव्यं सूक्ष्मदर्शकाच्या झोतात काही मिनिटांत विझतात. क्वांटम डॉट तासन् तास टिकतात. शिवाय एकाच दिव्याने सगळे रंग पेटतात, त्यामुळे एका काचपट्टीवर पाच-सहा प्रथिनं एकदम पाहता येतात. सुईने काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्याहून बारीक असतो, तेव्हा वेगवेगळ्या तपासण्यांसाठी तो कापत बसायला नको हे फार मोलाचं.

आमच्याकडे रोज मात्र तपकिरी रंगाचीच पद्धत चालते. साधा सूक्ष्मदर्शक पुरतो आणि पट्टी दहा वर्षांनी कपाटातून काढली तरी वाचता येते. हर्टूच्या (HER2, कॅन्सरपेशींवरचं एक प्रथिन) तपासणीत ० आणि ३+ वाचायला अडचण नसते. मधला, नक्की न कळणारा २+ आला की सगळं अडतं, पुढची महागडी तपासणी करावी लागते आणि पेशंट तोवर टांगणीला. चमकीचा नेमका आकडा मिळाला तर त्या २+ वाल्यांना उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं. २००३ मध्ये स्तनाच्या कॅन्सरपेशींवरचं हर्टू या कणांनी दाखवून झालंय, पण ते रोजच्या लॅबमध्ये उतरलेलं मी पाहिलेलं नाही.

ऱ्हाईनकाठची
मंगळवार, सकाळी १०:१५ (जर्मनीत अजून पहाट)

मूळची सांगलीची, आता जर्मनीत याच कणांच्या कंपनीत आहे. युरोपात विजेच्या उपकरणांत कॅडमियम वजनाने ०.०१ टक्क्याच्या वर चालत नाही, काही सवलती सोडल्या तर. म्हणून आम्ही इंडियम फॉस्फाइडकडे वळलो. ते कॅडमियम सेलेनाइडसारखं सरळ नाही. बीजं पडणं आणि वाढणं वेगळं करता येत नाही, त्यामुळे मापं एकसारखी येईनात. फॉस्फरसचं जे जुनं रसायन वापरायचे ते हवेत उघडलं की पेट घेतं. आता सौम्य पर्याय आलेत.

पण ‘कॅडमियममुक्त’ म्हणजे निर्धोक, असं कुणी समजू नये. इंडियम फॉस्फाइडच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आहे. धूळ फुप्फुसात जाणं आणि कवच घातलेला कण रक्तात जाणं यांत फरक आहे, तरी सावध राहायलाच हवं.

रुपेरी_वाळूताई, २०१२ चा माकडांवरचा अभ्यास सांगा ना. दोन्ही बाजूंचे लोक तोच पुढे करतात.

रुपेरी_वाळू
मंगळवार, दुपारी १२:२०

हो, सांगते. रीसस माकडांना कवचातले कॅडमियमचे कण शिरेतून दिले आणि ९० दिवस पाहिलं. खाणंपिणं, रक्ताच्या तपासण्या, अवयव, सगळं ठीक. एवढंच वाचणारे म्हणतात, बघा, सुरक्षित आहे. पण त्याच अभ्यासात हेही आहे की ९० दिवसांनंतरही बहुतेक कॅडमियम यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडात तसंच होतं. जपानच्या तोयामा प्रांतात जिंत्सू नदीकाठच्या लोकांनी खाणीचं कॅडमियम भातातून वर्षानुवर्षं खाल्लं. तिथल्या आजाराला लोकांनी ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असंच नाव दिलं. हाडं नुसत्या खोकल्यानेही मोडायची. तो आजार ९० दिवसांत दिसला नसता. मात्रा फार वेगळी आहे, मान्य. तरी ज्या बाईला पुढे तीस वर्षं जगायचंय तिच्या शरीरात मी ते ठेवणार नाही.

आजोळ
बुधवार, रात्री ८:३५

मी तुमच्यासारखी शिकलेली नाही, पण सगळं वाचते आहे. बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. नात्यातल्या एकांनी एका केंद्रात नेलं. तिथे ‘क्वांटम नॅनो थेरपी’ सांगितली. कण शरीरात जाऊन कॅन्सरपेशी जाळतात म्हणे, दहा वेळा यायचं, ६० हजार रुपये. २० हजार भरून झालेत. धाग्याचं नाव बघून आले. खरं आहे का हो हे?

रुपेरी_वाळू
बुधवार, रात्री ९:०५

ताई, उरलेले पैसे भरू नका. तिथे काही टोचलं किंवा प्यायला दिलं असेल तर त्याचं नाव, बाटलीचा फोटो, जे असेल ते उद्याच तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. केमो एक दिवसही थांबवू नका.

आता खरं काय ते सांगते. प्रकाशाने पेशी मारायची उपचारपद्धत आहे. औषध आधी द्यायचं, मग त्या जागी ठरावीक प्रकाश टाकायचा. औषध प्रकाशाची ऊर्जा प्राणवायूला देतं आणि तो तिखट झालेला प्राणवायू पेशी मारतो. त्यात क्वांटम डॉट वापरून पाहिले, पण ते एकटे हे काम नीट करत नाहीत. २००३ च्या प्रयोगात कॅडमियम सेलेनाइडकडून जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास काम झालं, नेहमीच्या औषधाकडून ४० च्या वर. म्हणून कणाने प्रकाश गोळा करायचा आणि शेजारी बांधलेल्या औषधाला द्यायचा, असा प्रयत्न चालतो. कॉपर सल्फाइडचे कण तांबड्यापलीकडच्या लेझरने तापतात आणि उंदरांतल्या गाठी त्यांनी भाजून दाखवल्या आहेत. स्वादुपिंड पोटात खोल असतं, तिथवर प्रकाश पोचवणं हीच मोठी अडचण. क्वांटम डॉट टोचून कॅन्सर बरा करणारा, रुग्णालयांत रोज वापरला जाणारा उपचार आज कुठेही नाही.

शस्त्रवैद्य
बुधवार, रात्री १०:२०

आजोळताई, वरचं शब्द न् शब्द खरं आहे. पावती दिली असेल तर जपून ठेवा. तुम्ही कुठल्या शहरात आहात ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिथे वेदना आणि पोषण बघणारी चांगली टीम कोण आहे ते विचारून कळवतो. स्वादुपिंडाच्या पेशंटला जेवण पचायला एन्झाइमच्या गोळ्या लागतात, बऱ्याचदा कुणी सांगत नाही. वजन उतरत असेल तर डॉक्टरांना तेवढं जरूर विचारा.

आजोळ
गुरुवार, सकाळी ६:५०

व्यनि केला आहे. गोळ्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. वजन ११ किलो उतरलंय. आज विचारते.

ठाणेकर_केमिस्ट
गुरुवार, दुपारी २:१५

उशिरा आलो. औषधकंपनीत उत्पादनात २२ वर्षं झाली, त्या बाजूने एक मुद्दा. ताईंनी सिरिंज एका दमात रिकामी केली ती ५० मिलिच्या फ्लास्कमध्ये. २०० लिटरच्या भांड्यात तो ‘एक दम’ आणणार कुठून? गरम द्रवात थंड द्रव सगळीकडे एकाच वेळी मिसळत नाही. मग बीजं पुढेमागे पडतात, मापं पसरतात. ५.५ ला बाहेर आणि ६.५ ला आत, अशी रेघ असेल तर बॅचमधल्या प्रत्येक कणाचं माप सिद्ध करून दाखवावं लागेल. शिवाय कॅन्सरपेशी ओळखायला कणावर अँटिबॉडी बसवतात, तर प्रत्येक कणावर त्या किती बसल्या? सरासरी दोन म्हणजे कुणावर शून्य, कुणावर पाच. औषधाच्या फाइलमध्ये असं चालत नाही.

आणि नव्या मुलांसाठी: कॅडमियमचं धुतलेलं पाणी, अ‍ॅसिटोनसकट, वेगळ्या कॅनमध्ये. ते बेसिनमध्ये ओतताना मी एका कॉलेजात डोळ्यांनी पाहिलंय.

रुपेरी_वाळू
गुरुवार, रात्री ९:४०

+१, दोन्हींसाठी. मापाचा मुद्दा तर मी लिहायलाच हवा होता.

मला स्वतःला आशा वाटते ती विरघळणाऱ्या कणांची. २००९ मध्ये सॅन डिएगोच्या मायकेल सेलर यांच्या गटाने सच्छिद्र सिलिकॉनचे कण केले. अर्धवाहकच, चमक तांबड्याकडे, आणि छिद्रांत डॉक्सोरुबिसिन हे औषध भरता येतं. शरीरात त्यांचं हळूहळू सिलिसिक आम्ल होतं, जे आपल्या धान्यातूनही पोटात जातं, आणि ते लघवीतून निघून जातं. उंदरांत चार आठवड्यांत कण गेले होते. म्हणजे चाळणीतून अखंड कण जायलाच हवा असं नाही, काम झाल्यावर तो विरघळला तरी चालेल. कॅडमियमइतकी लख्ख चमक नाही. मला ती पुरेशी वाटते.

रच्याकने, पुणे विद्यापीठात प्रा. सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने १९९० च्या दशकातच झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांत मँगनीज मिसळून केशरी चमक मिळवली होती, कॅडमियमशिवाय. त्याला पेटवायला अतिनील प्रकाश लागतो, म्हणून खोलवर चालत नाही, पण काचपट्टीताईंच्या कामाला तो पदार्थ मला अजून आकर्षक वाटतो.

फळा_खडू
शनिवार, दुपारी १२:३०

लिंबाचा प्रयोग काल केला. पहिल्या खेपेला करपला. दुसऱ्या खेपेला छान तपकिरी झाला, गाळला, पण टॉर्च धरला तर काहीच दिसेना. मुलं हिरमुसली. काय चुकलं?

रुपेरी_वाळू
शनिवार, दुपारी १२:५५

द्रावण फार दाट झालं असेल. टॉर्चचा उजेड काठावरच संपतो आणि जी चमक निघते तीही आतच गिळली जाते. एक चमचा घेऊन पेलाभर पाण्यात टाका आणि मग बघा.

फळा_खडू
शनिवार, दुपारी ४:१०

दिसलं! एका चमच्याला एक पेला कमी पडला, दोन पेले लागले. खिडक्यांना मुलांनी सतरंज्या लावल्या होत्या. फिकट निळसर, पण मागच्या बाकावरूनही कळत होतं. फोटोत नीट येत नाहीये, उद्या पुन्हा काढून टाकतो.